दुसऱ्या मालकाची बायको

४ ऑक्टोबर

आले एकदाची. एक बॅग, एक पिशवी आणि ही वही. निघताना ताईने बजावलं की या वेळी तरी जिभेला लगाम घाल. भाऊजींनी पेपरातून डोकंही वर न काढता सांगून टाकलं की मागची खोली आता भाड्याने द्यायची आहे, तेव्हा परत यायचं झालंच तर आधी कळव. म्हणजे येऊ नकोस. शाळेतली नोकरी गेली ती मुख्याध्यापिकेला भर सभेत खोटारडी म्हटलं म्हणून, आणि ती होतीच. तेव्हापासून ताईच्या मागच्या खोलीत बसून भाऊजींचे टोमणे गिळत होते. मला त्याचा इतका वीट आला होता की या लोकांनी तबेल्यात झोपायला सांगितलं असतं तरी आले असते.

त्यांनी तबेला नाही दिला, मनोऱ्याखालची खोली दिली. उतरतं छत, बागेकडची खिडकी, लिहायला मेज. आणि घर काय आहे! व्हिक्टोरियन धाटणीचं, लाल विटांचं, टोकदार छपराचा मनोरा, बाहेर आलेल्या मोठाल्या खिडक्या, व्हरांड्याला लोखंडी जाळीचं नक्षीकाम. जिन्यावरच्या खिडकीला रंगीत काचा आहेत, त्यामुळे जिना चढताना हातावर निळे-तांबडे ठिपके पडतात. मी उगाचच दोनदा चढले-उतरले.

काम सोपं आहे. घर आता एका ट्रस्टकडे आहे, लोक तिकीट काढून बघायला येतात, त्यांना फिरवून घराचा आणि मालकांचा इतिहास सांगायचा. व्यवस्थापकांच्या शर्टाला कधी सुरकुतीच पडत नाही, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव इस्त्रीसाहेब ठेवलं. दुसऱ्या गाइड वयाने मोठ्या आहेत, त्यांना सगळे मावशी म्हणतात. मावशींनी मला चहा दिला आणि घरात कुठे कुठे पाय मुरगळतो ते आधी दाखवलं. आज मला कुणाचाही राग आलेला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

७ ऑक्टोबर

इतिहास पाठ झाला. सांगण्यासारखं आहे काय त्यात?

पहिला मालक साबणवाला. साबणावर बक्कळ कमावलं, हे घर बांधलं, दिवाणखान्यात संगमरवरी शेकोटी बसवली आणि तिच्यासमोर खुर्चीत बसून म्हातारा झाला. दुसरा मालक त्याचा मुलगा. त्याला हवेचा दाब मोजायचा नाद, भिंतीभिंतीवर लटकणारी ती पितळी गोल यंत्रं सगळी त्याचीच. लग्न केलं नाही, प्रवास केला नाही, कुणाशी भांडला नाही, एकदा सर्दी झाली आणि गेला. तिसरा त्याचा भाचा. छप्पर गळायला लागलं तसं त्याने घर ट्रस्टच्या गळ्यात मारलं आणि मोकळा झाला. एवढं राजवाड्यासारखं घर आणि राहणारे तिघेही अळणी.

खरी पंचाईत मधल्या थांब्याची आहे. दोन गट एकमेकांना भिडता कामा नयेत असा नियम आहे. मावशींचा गट पुढे, माझा मागे. मावशी गाण्याबजावण्याच्या खोलीत असेपर्यंत मला माझी माणसं वरच्या मजल्यावरच्या बोळात थोपवून धरावी लागतात. त्या बोळात बघायला काही म्हणजे काही नाही. मागे जिन्याचा कठडा, समोर कोरी भिंत. मी बोटांनी वाजवूनही पाहिली, चांगली भरीव आहे. मावशी म्हणाल्या की त्या तिथे गप्प उभ्या राहतात, लोकांना जरा दम खाऊ देतात. मला गप्प उभं राहता येत असतं तर मी अजून शाळेतच असते.

१२ ऑक्टोबर

आज मधल्या थांब्यावर एका जाड्या गृहस्थाने माझ्या तोंडासमोर जांभई दिली. हातही आडवा धरला नाही. वर बायकोला म्हणाला की यापेक्षा बाहेर बागेत बसलो असतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं थांब, तुझी झोपच उडवते.

मी भिंतीकडे बोट केलं, आवाज खाली आणला आणि सांगितलं की हिच्यामागे एक खोली आहे, दुसऱ्या मालकाने आपल्या बायकोला त्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. कुठून सुचलं देव जाणे. त्या माणसाचं तोंड मिटलं ते खाली बागेत जाईपर्यंत उघडलं नाही. सगळा गट वळून वळून भिंतीकडे बघत होता. शाळेत इतकी वर्षं खरं सांगितलं, पण असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

१६ ऑक्टोबर

गोष्ट मस्त वाढतेय. त्या दिवशी नुसती कोंडलेली होती. मग एकीने विचारलं, पळून का नाही गेली? म्हटलं, त्याने तिचे जोडे काढून घेतले होते. मग केस कापले. मग दाराला खाली फट ठेवली, तिच्यातून ताटली सरकवायचा. काल एक नवं जोडपं होतं, हातात हात घालून. पोरगी लाडाने म्हणाली की अजून सांगा ना. मग मी भिंतीमागच्या बाईच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली. आज खोलीत उंदीर सोडले, उंदरांना तर काय भाव मिळाला म्हणून सांगू.

एका म्हाताऱ्या बाईंनी तिचं नाव विचारलं. ऐनवेळी नाव सुचेना. म्हटलं, त्याने तेही पुसून टाकलं. सगळे हळहळले.

मावशींना कुणीतरी सांगितलं. दुपारी मला बाजूला घेऊन त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं. तो बिचारा एकटा, भित्रा माणूस होता, त्याने आयुष्यात मुंगी मारली नसेल, मेलेला उठून बोलत नाही म्हणून त्याच्या नावावर काय वाट्टेल ते खपवायचं का, असं बरंच काही. शेवटी म्हणाल्या, आजवर या घरात कुणी खोटं सांगितलेलं नाही. मला इतका राग आला. मी म्हटलं, मावशी, म्हणूनच इथे कुणी येत नाही. त्या चहा न घेताच उठून गेल्या.

२१ ऑक्टोबर

इस्त्रीसाहेबांनी बोलावलं. वाटलं, बोऱ्या वाजला. उलट त्यांनी खुर्ची दिली. लोक वाढलेत, फाटकाशी रांग लागते, सगळे ‘त्या बाईची भिंत’ विचारत येतात. तुमचं संशोधन उत्तम आहे म्हणाले. कुठे सापडलं हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. फाटकाजवळच्या फलकावर आता मधला थांबा मोठ्या अक्षरांत लिहिलाय, खाली ‘ती अजून आत आहे’. नोकरी पक्की झाली, खोलीही माझ्याकडे राहिली.

ताईचा फोन होता, तिला अभिमानाने सांगितलं. म्हणाली, एखाद्या रविवारी येऊन ऐकेन तुझी गोष्ट.

२५ ऑक्टोबर

बोळातला कठडा दुरुस्त करायला सुतार आला होता. जाता जाता म्हणाला की ही समोरची भिंत पोकळ आहे, मागे बऱ्यापैकी जागा असणार. मी हसून सोडून दिलं. मग जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली असताना जाऊन वाजवली.

पोकळ आहे. मी स्वतः वाजवली होती तेव्हा भरीव होती. वाजवली होती ना मी?

२९ ऑक्टोबर

सकाळचा पहिला गट घेऊन बोळात वळले, तर समोर दार.

जुनं, काळं पडलेलं, बाहेरून अडसर लावलेलं. खाली ताटली सरकेल एवढी फट. फटीच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या. गटातले लोक खुशीत फोटो काढायला लागले. मी काय बोलले ते मला आठवत नाही.

गट सोडला आणि सरळ इस्त्रीसाहेबांकडे गेले. लोकांना गंडवायला रातोरात खोटं दार बसवता आणि मला सांगतही नाही, म्हणून ताडताड बोलले.  ते हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलले. दार पहिल्यापासून आहे म्हणाले. मावशींना बोलावलं. मावशी म्हणाल्या की हो, त्या बिचारीची कहाणी मी लहानपणापासून ऐकत आले, आमच्या आईनेच मला सांगितली होती.

मावशी. ज्यांनी मला त्याच कहाणीवरून झापलं होतं. मी त्यांना त्या दिवसाची आठवण करून दिली, तर म्हणाल्या, माझा तुझ्याशी कधी वाद झालाय? मस्करी असेल तर फार वाईट आहे. नसेल तर... नाही, मस्करीच असणार. 

३१ ऑक्टोबर

दिवाणखान्यात दुसऱ्या मालकाचं तैलचित्र आहे. कालपर्यंत त्यात खुर्चीत तो एकटा होता आणि मागे पितळी यंत्र. आज त्याच्या शेजारी एक बाई उभी आहे. अनवाणी. केस वेडेवाकडे कापलेले. डावा हात कपड्यांच्या घडीत लपवलाय. आणि मालकाला चेहरा नाही. पुसलेला नाही, नुसता नाही, काढायचाच राहून गेल्यासारखा. तिला आहे. ती चित्रातून बघते ती सरळ माझ्याकडे, दिवाणखान्यात मी कुठेही उभी राहिले तरी. तिच्या डोळ्यांत दुःखबिःख काही नाही. ती संतापलेली आहे.

इस्त्रीसाहेबांना सगळं कबूल केलं. दुसऱ्या मालकाला बायकोच नव्हती, मी बनवली, जांभई देणाऱ्या एका माणसाच्या रागाने बनवली. ते म्हणाले की तुमच्या शाळेनेही तुमच्या स्वभावाबद्दल लिहिलं होतं. उद्यापासून नीट काम करा, नाहीतर खोली रिकामी करा.

दुपारच्या गटाला मी थांब्यावर सांगितलं की हे सगळं खोटं आहे. त्यांनी नकाराने माना हलवल्या. एकजण म्हणाला, घराण्याची अब्रू झाकायला असंच सांगायला लावतात. कुणाचाही विश्वास बसला नाही. दार होतं तिथेच राहिलं.

२ नोव्हेंबर

आज सुट्टीचा वार, घर बंद. बागेतून सुद्धा ऐकू येत होतं. आधी वाटलं खिडकीची झडप आपटतेय.

वर गेले. दार आतून कोणीतरी बडवत होतं. रडणं नाही, हुंदके नाहीत. लोक भांडायला येऊन दार बडवतात तसं. मी जवळ गेले तसं थांबलं. मग फटीतून आवाज आला. ती इतक्या जवळ होती की तिचा श्वास माझ्या पायाला लागला.

“बोटं का मोडलीस?”

मी म्हटलं, मी नाही, तुझ्या नवऱ्याने. हे मी म्हटलं, माझ्या तोंडाने. लाज वाटते लिहायला.

“कोण नवरा? त्याला तोंड तरी दिलंस का तू? इथे कुणी येत नाही. इथे फक्त तुझा आवाज येतो. तू म्हणतेस जोडे, की जोडे जातात. तू म्हणतेस उंदीर, की उंदीर येतात. दिवसातून कितीदा सांगतेस? तितक्यांदा मोडतात बोटं.”

मी पळाले नाही.  तिने शेवटी विचारलं, अगदी सरळ विचारलं:

“नावसुद्धा द्यावंसं नाही वाटलं?”

३ नोव्हेंबर

आता कळतंय. त्या थांब्यावर जे सांगितलं आणि ऐकणाऱ्यांनी खरं मानलं, ते होतं. मान डोलली की झालं. खोटं आहे म्हटलं तेव्हा कुणी मानलं नाही, म्हणून काहीच बदललं नाही.

मग उपाय एकच. तिला बाहेर काढायची. पण अशी रंगवून की सगळ्यांच्या माना डोलल्या पाहिजेत. ते मला येतं. तेवढंच येतं.

पळून जावं असंही मनात आलं. पण कुठे जाऊ? आणि मी गेले तरी मावशी सांगणारच आहेत तीच गोष्ट, इस्त्रीसाहेब दुसरी गाइड आणणार, आणि तिची बोटं रोज —

नाही. केलंय मी, निस्तरायलाही मीच पाहिजे.

४ नोव्हेंबर, सकाळ

पहिल्याच गटाला सांगणार आहे. पाठ केलंय. अडसर कुजला, तिने खांद्याने धडका दिल्या, दार उघडलं, ती भर दुपारी जिन्याने उतरली, रंगीत काचांच्या उजेडातून, फाटकातून, आणि तिला कुणी अडवलं नाही.

४ नोव्हेंबर, नंतर

अंधार आहे. फटीशी पालथी पडून लिहितेय, तिथे थोडा उजेड येतो. वही आणि पेन्सिल खिशात होती.

नीट लिहायचं. नीट.

सांगितलं मी. आयुष्यात असं कधी सांगितलं नव्हतं. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, माना डोलल्या. अडसर आपोआप खाली पडला. दार किलकिलं झालं, आत कुणी नव्हतं. मला रडू येत होतं. सुटली म्हटलं, मीही सुटले.

तेवढ्यात त्यांचं सुरू झालं. हे काय, फलकावर तर लिहिलंय की ती अजून आत आहे. आम्ही एवढे लांबून आलो. रिकामी खोली बघायला आणलंत का? उंदीर तरी दाखवा, एकजण म्हणाला आणि बाकीचे हसले. ज्यांचे डोळे आत्ता पुसून झाले होते तेच हसले. डोक्यात तिडीक गेली माझ्या. कुणाचं दुःख आहे, तमाशा आहे का तुमच्या करमणुकीचा?

आणि मागून कुणीतरी विचारलं, शांतपणे:

“मग आता आत कोण आहे?”

मी बघितलंच नाही कोण विचारतंय. रागात होते. म्हणाले, “मी आहे आत! झालं समाधान?”

तेव्हा बघितलं. सगळ्यांच्या मागे, कठड्याला टेकून. अनवाणी.

तिने मान डोलावली. “बरं,” म्हणाली.

तारीख नाही

दार बडवलं. हाका मारल्या. इस्त्रीसाहेब दोनदा समोरून गेले. त्यांच्या बुटांचा आवाज ओळखते मी. थांबले पण नाहीत.

तिच्या जागी मी कशी? मला नाव आहे. मला बहीण आहे, मी इतिहास शिकवलाय — माझं नाव —

माझं नाव लिहायला घेतलं. पेन्सिल टेकवून बसले. मला —

नाही येत.

—

गट आला. पुढे तिचा आवाज. माझीच वाक्यं, अगदी तिथेच आवाज खाली आणते जिथे मी आणायचे.

म्हणाली, जोडे काढून घेतले. पायांना फरशी गार लागली.

शिव्या दिल्या तिला. तोंडाला येतील त्या. तुला मी सोडवलं, मी, कृतघ्न बाई — बाहेर टाळ्या. कुणीतरी म्हणालं, आवाजाची सोय काय छान केलीय हो.

ती एकदा फटीशी वाकली. मी विचारलं, का? आता का? तू तर सुटलीस ना.

म्हणाली, “तू तरी का सांगत होतीस?”

—

केस गेले. डाव्या हाताची बोटं. रोज. गटागणिक.

उंदीर तिने अजून सांगितले नाहीत. वाट बघायला लावतेय. रागाने जीव जातोय माझा, तिच्या नाही, त्या ऐकणाऱ्यांच्या — विचारतात, अजून विचारतात — पोटभर जेवून आलेले असतात आणि विचारतात, मग पुढे?

—

आज मावशींचा गट थांबला. मी ओरडले, मावशी, तुम्ही मला चहा दिला होता, पाय कुठे मुरगळतो ते दाखवलं होतं. बाहेर एकदम शांत झालं. वाटलं ओळखलं.

मावशी लोकांना म्हणाल्या, पुढे चला, फार ऐकू नका, मन खराब होतं.

—

आज गर्दी. रविवार असेल.

ताई. ताई आलीय. तिचा खोकला हजारात ओळखेन मी. भाऊजी कुरकुरतायत जिन्याबद्दल. ताई — ताई इथे — फटीतून तिची चप्पल दिसतेय —

ती सांगतेय. सगळं सांगतेय. ताई च् च् करतेय. ताई, अगं मी आहे —

ताईने विचारलं. “अगं बाई. आणि तिला माहेरचं कुणी नव्हतं का?”

हो. होतं. विचार, ताई, अजून विचार —

ती म्हणतेय, एक बहीण होती. ती एकदा आली होती इथे. दारापाशी उभी राहिली, हळहळली आणि गेली.

ताई मान डोलावू नकोस. ताई नको. डोलावू —

चप्पल वळली.

ताई

अजून कुणी विचारतंय. मग पुढे काय झालं तिचं? ती सांगतेय, हळू, मला ऐकू यावं म्हणून दाराशी तोंड आणून — म्हणतेय, तिच्याजवळ एक पेन्सिल होती, अंधारातही ती लिहीत बसायची, म्हणून मग एके दिवशी तिचा उजवा